अकरावी गाडी

३ जून, सोमवार

यांनी चहा केला. साखर नव्हती. विचारलं तर म्हणाले, "डॉक्टरांनी तुला कमी करायला सांगितलीय, मी फक्त अंमलबजावणी केली." स्वतःच्या कपात दोन चमचे होती, मी चाखून पाहिली.

ऑफिसात रंगारी. अण्णांची, म्हणजे आमच्या मालकांची, गादी उचलून माळ्यावर टाकली, तिथे फिरती खुर्ची आलीय. केतकी बसते त्यावर. अण्णांची एकुलती मुलगी, आयटीतली नोकरी सोडून गेल्या दिवाळीपासून आमचा ट्रान्सपोर्ट तीच बघते. पोरगी कामाची आहे. मला मावशी म्हणते आणि माझ्या आधी ऑफिसला पोचते. तेवीस वर्षं इथले हिशोब बघतेय, ह्या ऑफिसात माझ्या आधी कोणी आलेलं मला आठवत नाही.

आज म्हणाली, "मावशी, फ्लीटची लिस्ट द्या ना. आरसीप्रमाणे, सगळ्या गाड्या."

दिली. अकरा.

"पण अण्णांच्या रिटर्नमध्ये दहाच आहेत."

म्हटलं, उद्या सांगते, आज रंगाच्या वासाने डोकं उठलंय. वास होताच म्हणा.

४ जून, मंगळवार

सांगितलं. कागदावर आकडे काढून.

दहा किंवा कमी मालगाड्या असतील तर आयकरवाले हिशोबाच्या वह्या मागत नाहीत. मोठ्या गाडीला टनामागे महिन्याला हजार रुपये सुटले असं धरायचं, त्यावर काय तो कर, विषय संपला. डिझेलच्या पावत्या नकोत, ऑडिट नको. शिवाय दर एप्रिलला सगळ्या पार्ट्यांना पत्र पाठवायचं की आमच्याकडे दहाच गाड्या, सबब भाडं देताना टीडीएस कापू नये. ती पत्रं मीच टाइप करते. अकरावी गाडी नावावर चढली की हे सगळं सुख गेलं.

अण्णांनी चार वर्षांपूर्वी अकरावी घेतली. मी म्हटलं, अण्णा, दहाच्या वर नको. ते म्हणाले, "गाडी बुक झाली, आता तुमी बगा, बाई." मी बघितलं. ह्या दहाच्या सवलतीचं जे कलम आहे, त्याच्याच तळाशी एक स्पष्टीकरण आहे. गाडी हप्त्यावर घेतलेली असेल आणि हप्ते फिटायचे असतील तरी गाडी ज्याच्या ताब्यात, तोच तिचा मालक समजावा. आणि तशी एक गाडी आमच्याकडे होतीच, ड्रायव्हरने हप्त्यावर घेतलेली. गजाननची.

केतकीने कागद स्वतःकडे ओढला. "म्हणजे आरटीओत आपली आणि इन्कम टॅक्सला त्यांची?"

हो म्हटलं. इतक्या वर्षांत हे कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं, त्यामुळे ऐकायला फार वाईट वाटलं.

७ जून, शुक्रवार

दिवसभर एकच काम तीनदा केलं. लक्ष लागत नाही.

अण्णांची रीत इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहिलेलीच नाही. ड्रायव्हर भरवशाचा निघाला की अण्णा त्याला एक गाडी लावून देतात. त्याने ती आपली म्हणून चालवायची, भाडं आणायचं, दरमहा अण्णांना हप्ता द्यायचा, उरेल ते त्याचं. कागद नाही. शेवटचा हप्ता फिटला की येईल त्या दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूच्या माळा घालून ऑफिससमोर उभी करायची. नारळ फुटला की अण्णा आरटीओच्या फॉर्मवर सही करतात. दोन ड्रायव्हर असे मालक झालेले मी पाहिलेत. फॉर्म मीच भरले होते, खोबरंही मीच वाटलं.

गजानन तिसरा. वाशीमकडचा, एकोणीस वर्षं अण्णांकडे. गाडी नंबर बावन्न-अठरा. शेवटचा हप्ता त्याने यंदा पाडव्याला दिला.

पण अण्णा फेब्रुवारीपासून गुडघ्यांमुळे घरी बसलेत. आणि दसरा अजून लांब आहे.

१४ जून, शुक्रवार

केतकीचा प्लॅन कळला. चार जुन्या गाड्या डीलरला एक्स्चेंजमध्ये देऊन दोन नव्या. बँकेला अकरा गाड्यांची यादी गेली. जाणाऱ्या चारांत बावन्न-अठरा.

म्हटलं, ती गजाननची आहे.

"आरसी अण्णांच्या नावावर आहे, मावशी."

"हप्ते फिटलेत."

"कुठे लिहिलंय?"

माझ्या खणातल्या छोट्या वहीत लिहिलंय. माझ्याच अक्षरात. त्यावर कोणाची सही नाही. ती वही मी काढली नाही, का ते माहीत नाही. भीती वाटली बहुतेक.

ती वाईट बोलत नाही, हीच पंचाईत आहे. म्हणाली, "बारा वर्षांची गाडी आहे. दर वर्षी फिटनेस, टायर, इंजिन. त्यांना ती देणं ही शिक्षा आहे. त्यापेक्षा मी काकांना नव्या गाडीवर घेते, पगार, पीएफ, मेडिक्लेम. विचार करा ना." केला विचार. म्हणणं चुकीचं नाही. पण त्याने सहा वर्षं पगारासाठी नाही हप्ते भरले.

२० जून, गुरुवार

गजानन आला. फिटनेसचा कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "हे काय लिवलं हाय, वाचा बरं, मॅडम."

गजाननला वाचता येतं. चांगलं येतं. मी कागद परत सरकवला, तूच वाच म्हटलं. त्याने तो हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग बाजूला करून हसला.

बाहेर चहाच्या गाडीवर नेऊन विचारलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. फेब्रुवारीत डॉक्टरने सांगितलंय. "दिवसा जमते, मॅडम. रातच्याला समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यावाणी दिसते."

"आणि तू गाडी चालवतोस?"

"नावावर झाली का एक डायवर ठेवतो, मंग डोळा करतो. आत्ताच करू तं महिनाभर गाडी उभी राहीन. उभी गाडी मालकाले दिसते. दुसऱ्याच्या हाती देईन ना तो."

त्याने मला शपथ घातली, केतकीला सांगायचं नाही. पुढच्या वर्षी लायसनचं मेडिकल आहे, तेव्हा कळणारच. तोवर सोळा टन घेऊन हा माणूस रस्त्यावर.



२७ जून, गुरुवार

नवे सीए आले. तरुण, थंड, घड्याळ बघणारे. ते म्हणाले, यंदापासून अकराच्या अकरा दाखवा, रीतसर वह्या, ऑडिट, सगळं क्लीन. मी विचारलं, मग मागची चार वर्षं? ते म्हणाले, "त्याबद्दल कोणी विचारलेलं नाहीये, मॅडम."

म्हणजे मी विचारते ते मोजायचंच नाही.

मग म्हणाले, त्या ड्रायव्हरचं रिटर्न यंदा भरू नका. एकच गाडी दोन रिटर्नमध्ये नको. त्याला ड्रायव्हर म्हणून पगार दाखवू. केतकी मान हलवत होती. तिने माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा मागवला होता, कोणी सांगितलं तिला कुणास ठाऊक.

२ जुलै, मंगळवार

गजाननचं खातं उघडून बघितलं. आयकराच्या साइटवर त्याच्या नावापुढे मोबाइल माझा, ईमेल माझा. पासवर्ड आमच्या मनीमाऊचं नाव आणि एकशे अकरा. चार वर्षांपूर्वी सोयीसाठी केलं होतं, ड्रायव्हर लोक नंबर बदलतात म्हणून. सगळ्यांचंच असं केलंय. ओटीपी माझ्या फोनवर येतो, मी टाकते, रिटर्न जातं, त्यांना पावतीची प्रिंट मिळते.

भरलेली चारही रिटर्न उघडली. गाडीच्या तक्त्यात नंबर, वजन, महिने. त्याच्या शेजारी तीन पर्याय: स्वतःची, लीजवर, भाड्याने. चारही वर्षी "स्वतःची". माझी निवड. सरकारदरबारी बावन्न-अठरा गजाननची आहे असं म्हणणारा हा एवढाच मजकूर आहे, आणि तो गजाननने कधी पाहिलेला नाही. त्याच्याकडे जी पावती आहे तिच्यात गाडीचा नंबरसुद्धा नसतो.

९ जुलै, मंगळवार

गजाननची बायको सरिता ऑफिसात आली, पहिल्यांदाच. कसल्याशा सरकारी योजनेचा अर्ज नामंजूर झाला, मॅडम बघतील का. बघितला. "कुटुंबात कोणी आयकर भरतो का?" पुढे ठळक अक्षरात होय.

"अगं, रिटर्न भरतो, कर कुठे भरतो? कर शून्य आहे त्याचा."

"मी म्हटलं होतं त्यायले, नाई लिवा. तं म्हने, लपवाचं कायले? आपन मालक मानूस." आणि हसली. तिला पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण हसताना थोडी ऐटही होती.

मग पिशवीतून चार पावत्या काढल्या. चारही लॅमिनेट केलेल्या. एकीच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट. दर दसऱ्याला गाडीबरोबर ह्यांचीही पूजा होते म्हणाली.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. पहिल्या वर्षी तो पेढे घेऊन आला होता ते आठवलं. "मॅडम, सरकारनं मानलं." मी दोन पेढे खाल्ले होते. त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं की तुला कोणी मानलेलं नाही, बाबा. अण्णांच्या गाड्या दहा राहाव्यात म्हणून मी अकरावी तुझ्या नावाच्या कोनाड्यात ठेवलीय.

नाही सांगितलं. तो खूश होता, मी हुशार ठरले होते, अण्णांनी दिवाळीला साडी दिली होती.

१३ जुलै, शनिवार

अण्णांकडे गेले. व्हरांड्यात बसले होते, शेंगा सोलत. तब्येत बरी आहे, गुडघे तेवढे गेलेत. मी ठरवून गेले होते, सरळ विचारलं.

"अण्णा, गजाननला शब्द दिला होतात ना?"

"दिला व्हता."

"हप्ते फिटले."

"फिटलं. ठाव हाय मला."

"मग एक सही करा. दसऱ्याची वाट नको. फॉर्म आणलेत मी."

फॉर्मकडे न बघता पुढची शेंग फोडली. मग म्हणाले, "बाई, शब्द दिला तवा धंदा माजा व्हता. आता पोरीनं नोकरी सोडली, बँकेत घर गहाण टाकलं. तिच्या पायात पाय घालू काय?"

"आणि गजानन?"

"तिला इचारा. ती न्हाई म्हनायची न्हाई, चांगली हाय पोर."

"ती म्हणते तुमच्या नावावर आहे. तुम्ही म्हणता तिचा धंदा आहे."

यावर अण्णांनी सोललेल्या शेंगांची वाटी माझ्यापुढे केली. घ्या म्हणाले, गावरान हायेत. तेवीस वर्षं ह्या माणसाला मी सरळ समजत होते. राग आला. फॉर्म तसेच परत आणले, शेंगा मात्र खाल्ल्या. तोंडावर नाही म्हणायला मला कधी जमलंय?

१८ जुलै, गुरुवार

यांना सगळं सांगितलं, गजाननच्या डोळ्यांसकट. हे बँकेत पस्तीस वर्षं होते, कागदाशिवाय कशावर विश्वास नाही. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे त्याचा मालकी हक्क तुझ्या फोनमध्ये आहे."

"रिटर्न म्हणजे मालकी हक्क नव्हे."

"माहितीय. पण दुसरं काय आहे त्याच्याकडे?"

मग पेपर उघडला. पाच मिनिटांनी पेपराआडून: "तुझी नोकरी जाईल. गेली तर गेली, पण चहा मी करणार नाही रोज."

२२ जुलै, सोमवार

गजानन कात्रजच्या उतारावर दुभाजकाला घासला. आरसा गेला, उजवा मडगार्ड आत. कोणाला लागलं नाही. दुपारची वेळ होती, दुपारची! पाऊस होता म्हणतो, काच धूसर होती म्हणतो. केतकीने फोटो बघून "काका थकलेत" एवढंच म्हटलं आणि दुरुस्ती नको म्हणाली, गाडी जाणारच आहे.

मी फोटो बघत राहिले. दुभाजकाच्या पलीकडे एक दुचाकी दिसत होती, पुढे लहान मूल बसवलेलं. त्यांना काही झालं नाही. पण झालं असतं तर त्यात मीही होते, कारण मला माहीत होतं आणि मी शपथ पाळत बसले होते.

तो थांबणार नाही. गाडी नावावर होईपर्यंत थांबणारच नाही. आणि ती नावावर होणार नाही हे त्याला सोडून आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

२६ जुलै, शुक्रवार

आज सांगितलं. घरीच बोलावलं त्याला. हे मुद्दाम बाहेर गेले, जाताना त्याला म्हणाले, "बसा, ती कडू बोलेल, पण खरं बोलेल." ह्याचा मला उपयोग झाला.

क्रमाने सांगितलं. रिटर्न मी का भरायला लागले. ते तुझ्यासाठी नव्हतं. अण्णांची दहाची मर्यादा सांभाळायला तुझा पॅन वापरला. केतकी गाडी एक्स्चेंजला देतेय. अण्णा सही करत नाहीत. यंदाचं तुझं रिटर्न भरू नको असं मला सांगितलंय.

तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. रडला नाही, ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"म्हंजे चार वर्सं मी येड्यावाणी पावत्यायले कुंकू लावून राह्यलो."

"हो. चूक माझी आहे."

"मंग मॅडम, गाडी माही हाय का नाई?"

एवढी वर्षं कलमं वाचली. जे माहीत होतं ते सांगितलं: आरटीओत तू मालक नाहीस. आयकरात आहेस. हप्त्यांची वही माझ्याकडे आहे. वकील बघितला तर भांडता येईल, पण रिटर्न म्हणजे आरसी नव्हे, तो नुसता एक कागद आहे.

"एक तं हाय ना," तो म्हणाला.

मग मी माझी अट घातली. यंदाचं रिटर्न मी भरते, जसं दरवर्षी भरलं तसं. चारही वर्षांचे पूर्ण फॉर्म काढून देते, गाडीच्या नंबरासकट. वहीची झेरॉक्स देते आणि लागेल तिथे येऊन सांगते की अक्षर माझं आहे. पण सोमवारपासून तू स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आधी डोळा.

म्हणाला, "तुमाले तरास होईन."

म्हटलं, व्हायला हवाच.

२८ जुलै, रविवार

गजाननच्या खात्यात माझा मोबाइल काढून त्याचा घातला. ईमेल त्याच्या मुलीचा. पासवर्ड त्यानेच ठरवला, मी मान फिरवून बसले.

रिटर्न भरलं. गाडीच्या तक्त्यात येऊन थांबले. मार्चअखेर हप्ते चालू होते, म्हणजे कलमाच्या शब्दांत सुद्धा तोच मालक. ह्या वेळी पळवाट शोधावी लागली नाही, जे होतं तेच लिहिलं. ओटीपी त्याच्या फोनवर आला. त्याने फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग मुलीकडे दिला. तिने आकडे वाचले, त्याने स्वतःच्या बोटाने टाकले. दोनदा चुकला. मी मदत केली नाही.

सरिताने विचारलं, याची पन पावती भेटते का? मी म्हटलं, पावती नको, हे घे. सबंध फॉर्म. गाडीचा नंबर कुठे आहे ते तिला बोट ठेवून दाखवलं.

३१ जुलै, बुधवार

शेवटची तारीख. साइट रांगत होती. सतरा रिटर्न गेली, कंबर मोडली.

संध्याकाळी केतकीला सांगितलं. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. डोळ्यांचंही सांगितलं. ते ऐकून ती खरोखर पांढरी पडली. "मावशी, आणि तुम्ही जून महिन्यापासून गप्प?"

बरोबर आहे तिचं.

मग रिटर्नचं. ती चिडली, पण आवाज चढवला नाही. "तुम्ही माझ्याशी बोलायचं होतं. अण्णा तुम्हाला घरचं समजतात."

"म्हणून तर इतके दिवस लागले."

"आता एकच गाडी त्यांच्याही रिटर्नमध्ये आणि आपल्याही."

"आपलं अजून भरायचंय. ऑडिट आहे म्हणजे ऑक्टोबरअखेरपर्यंत मुदत. दहा लिहायच्या की अकरा, ते तू ठरव."

ती खुर्चीत अर्धी वळून खिडकीबाहेर बघत राहिली. काढून टाकलं नाही मला. उद्या या म्हणालीही नाही. मी उद्या जाणार.

५ ऑगस्ट, सोमवार

गजाननचा उजवा डोळा झाला. गाडी धायरीत त्याच्या खोलीसमोरच्या मोकळ्या जागेत उभी. केतकीने ऑपरेशनला पैसे पाठवले, न मागता. गजाननने परत पाठवले. मग तिने सरिताच्या नावावर पाठवले, ते राहिले.

लोकांना सरळ वाईट तरी वागता यावं. मला सोपं गेलं असतं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

डीलरचा माणूस सोमवारी साडेदहाला गाड्या बघायला येणार. तीन यार्डात आहेत. केतकी म्हणाली, "मावशी, बावन्न-अठराची चावी आणाल? मी गेले तर वेगळं दिसेल. तुमचं ऐकतील ते."

"गाडी देणार आहेस?"

"बघू दे तर आधी. किंमत तरी कळेल. कदाचित ती रक्कमच काकांना देता येईल." मग म्हणाली: "मला खरंच अजून माहीत नाही."

खोटं बोलत नव्हती. खोटं बोलताना ती इंग्रजीत बोलते.

१० ऑगस्ट, शनिवार

दुपारी धायरीला गेले. जाताना बसमध्ये वाक्य तयार करत होते. केतकी फक्त किंमत बघतेय. वकिलाला भेटलास का? चावी दिली तरी कागद तुझ्याकडेच आहेत. एकही वाक्य पुढच्या स्टॉपपर्यंत टिकत नव्हतं.

गजानन दारात बसला होता, काळा चष्मा लावून. मला लांबूनच ओळखलं, चष्मा उचलून म्हणाला, "मॅडम, तुमच्या साडीवर बारीक फुलं हायेत व्हय! एवढी वर्सं मले ठिपके वाटे." सरिता आतून हसली. पोहे केले तिने. गाडी समोरच होती, धुतलेली, मडगार्ड त्याने ठोकून सरळ केलेला.

वकिलाचं विचारलं. भेटून आला म्हणाला. वकील कागद बघून म्हणाला, केस उभी राहू शकते, पण गाडी ताब्यात ठेवा, ताबा सोडू नका.

मी पोह्यांत लिंबू पिळत होते. तसंच पिळत राहिले.

मी काही बोलायच्या आत तो उठला, आतल्या खिळ्यावरची चावी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "हे तुमच्यापाशी राहू द्या. इथं कोनी बी येऊन, गोड बोलून घेऊन जाईन. सरिताले नाई म्हनता येत नाई. तुमच्याजवळून न्यायची कोनाची हिंमत हाय?"

मी कशाला आले ते त्याने विचारलं नाही. मला वाटतं त्याला वाटलं की डोळा बघायला आले. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सरिताने डब्यात चकल्या भरून आणल्या, गजानन स्टॉपपर्यंत सोडायला निघाला, रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत. वाचता येतायत म्हणून वाचत होता. बस आली.

स्वारगेटला उतरून दुसरी बस घेतली नाही, चालत आले. पाय दुखतायत. चावी इथे टेबलावर आहे, हिरवा गोंडा आहे तिला. यांनी बघितली आणि चहा ठेवायला आत गेले.

केतकीचा मेसेज सहा वाजता आलाय. "मावशी, मिळाली ना?" मी तो उघडला, म्हणजे मी वाचलाय हे तिला दिसलं असणार. अजून उत्तर दिलेलं नाही. उद्या रविवार आहे.